सत्कारासाठी उपलब्ध

कोपरच्या पुढे, खाडीच्या अंगाला आंबेखार नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीनं. मिठागरं गेली, भाताची खाचरं गेली, त्यांच्या जागी बावीस मजली टॉवर आले. गावकऱ्यांकडे उरलं ते गावदेवीचं देऊळ, एक सिमेंटची कमान आणि आयुष्यातल्या बऱ्यावाईट प्रत्येक गोष्टीचा फ्लेक्स लावायची अनावर हौस. आंबेखारात मूल जन्मलं की फ्लेक्स, दहावीला बासष्ट टक्के पडले की फ्लेक्स, शर्यतीचा बैल गेला की काळ्या किनारीचा फ्लेक्स. एका गृहस्थांचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, तेव्हा कमानीवर डॉक्टरांच्या शेजारी त्यांच्या पोटातून निघालेल्या खड्याचाही फोटो होता, आणि तो डॉक्टरांपेक्षा मोठा होता.

हे सगळे फ्लेक्स करायची कल्पिता. डोंबिवली पश्चिमेला रवींद्रशेठच्या दुकानात ती नऊ वर्षं कॉम्प्युटरवर बसत होती. टकलावर केस उगवणं, दोन हनुवट्यांची एक करणं, आयुष्यात कुणापुढे न हसलेल्या माणसाला हसवणं, हे तिच्या डाव्या हातचे खेळ. तिची खरी कमाल म्हणजे नमस्काराचे हात. पुढाऱ्यांना हात जोडलेला फोटो हवा असतो, पण जोडलेल्या हातांनी फोटो काढून घ्यायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून कल्पितानं दुकानातल्या एका नम्र शिपायाचे हात एकदा छान उजेडात काढून ठेवले होते. तेव्हापासून अर्ध्या डोंबिवलीतले भावी नगरसेवक त्याच एका शिपायाच्या हातांनी जनतेला नमस्कार करत होते.

अशा या कल्पिताचा नवरा फौजेत होता. नाईक जयेश. आंबेखारातला पहिला आणि एकुलता एक फौजी. गावाच्या समजुतीप्रमाणे अख्खा हिमालय त्याच्या एकट्याच्या खांद्यावर होता. प्रत्यक्षात तो युनिटच्या भांडारात कांबळी, मोजे आणि बूट सांभाळायचा. त्यात कमीपणा काही नाही, थंडी काही गोळीनं मरत नाही. पण फ्लेक्सवर कांबळी शोभत नाहीत. त्यामुळे कल्पितानंच दर वेळी त्याच्या मागे रणगाडा, डोक्यावर विमान आणि बाजूला गुरगुरणारा वाघ लावून दिला होता. स्वतःच्या हातांनी, न चुकता.

वर्षातले दहा महिने जयेश फोनवर असायचा आणि फोनवर तो फार गोड माणूस होता. उरलेले दोन महिने, दोन सुट्यांमध्ये वाटलेले, तो घरी असायचा. पहिल्या दिवशी हार, दुसऱ्या दिवशी मटण, तिसऱ्या दिवशी तपासणी. चादरीच्या घड्या, डब्यांची रांग, भिंतीवरचं घड्याळ. काही चुकलं की कल्पितानं स्वयंपाकघरात सावधान उभं राहायचं. एकदा दोन तास उभी होती, कुकरच्या शिट्ट्या मोजत. हलली की हात उठायचा. गेल्या मे महिन्यात असाच उठला आणि तेव्हापासून तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. गावात तिनं सांगितलं की हळदीत डीजेच्या भिंतीपाशी उभी होते. आंबेखारात ते सगळ्यांना पटलं, कारण तिथं निम्म्या गावाचा एकेक कान डीजेनं नेलेला आहे.

दिवाळीच्या सुट्टीला तो यायच्या आधी ती माजिवड्याला माहेरी गेली. तिसऱ्या दिवशी जयेश मिठाईचा खोका घेऊन हजर. भाऊ काळुराम त्याला बघून इतका हरखला की त्यानंच बहिणीला गाडीत बसवली. वाटेत म्हणाला, "अगं, वर्षातले दहा महिने तर सुखात असतेस ना? आम्ही बाराही महिने नसतो."

ती सुट्टी संपली आणि कल्पिता कोर्टात गेली. वकील मिळाल्या भावनाताई, वर्तकनगरच्या. बुटक्या, घाईच्या, हातात कायम तीन फायली आणि एक अर्धवट खाल्लेला केळ्याचा घड.

"मागणं काय आहे तुझं?" त्यांनी विचारलं.

"तो पुढच्या सुट्टीला येईल त्याआधी कागद पाहिजे. मला हात लावायचा नाही आणि वरच्या मजल्यावर, माझ्या खोल्यांत यायचं नाही, एवढाच."

"मिळेल. पण घर सोडायचं नाहीस हं. सोडलंस की म्हणतील स्वतःहून गेली, आणि मग त्या घरात परत शिरायला आणखी एक केस."

म्हणजे त्या घरातून सुटायचं असेल तर त्या घरातच राहायचं. कल्पितानं मान डोलावली. तिला उलट्या अक्षरांची सवय होती, फ्लेक्स मागून बघितला की असाच दिसतो.

आता कोर्टाचं कसं असतं, आरोप नवऱ्यावर असेल तर कोर्ट नवऱ्याकडे बघतं. नवरा फौजी असेल तर कोर्ट आधी उठून उभं राहतं, मग बघतं. पहिल्या तारखेला समन्स युनिटकडे निघालं. दुसऱ्या तारखेला ते पोचलं की नाही ते कळेना. तिसऱ्या तारखेला युनिटचा दाखला आला, की नाईक जयेश हे विशेष परिस्थितीत सेवेवर असून जूनअखेरपर्यंत हजर राहू शकत नाहीत. असा दाखला आला की कामकाज थांबवायचं, असा इंग्रजांच्या वेळचा एक कायदा आहे. शिपाई लढाईवर असताना मागे कुणी त्याचं शेत लाटू नये, म्हणून केलेला. कायदा चांगला आहे. फक्त इथं शेत नव्हतं, कल्पिता होती.

जयेशचे वकील ॲडव्होकेट नयन उभे राहिले. गावातलेच, गोरे, गुबगुबीत. आवाजात तिरंगा फडकत असल्यासारखे बोलायचे.

"मॅडम, माझे अशील सीमेवर आहेत. आपण इथं निवांत पंख्याखाली बसलो आहोत ते त्यांच्यामुळे."

सगळ्यांनी वर बघितलं. पंखा बंद होता.

"निदान तोपर्यंतचं संरक्षण द्या, मॅडम," भावनाताई म्हणाल्या.

"पण ते इथं नाहीतच तर संरक्षण कुणापासून?" मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं. बाई वाईट नव्हत्या. प्रश्नही बिनतोड होता. "आले की बघू. आठ जुलै."

आठ जुलै. आणि जयेशची सुट्टी दर वर्षी एप्रिल-मेमध्ये असायची. यंदाची त्यानं तिला सांगितली नव्हती. युनिट सांगत नव्हतं, सासूला विचारलं तर ती म्हणायची, "मना काय ठाव? देवाला नि लेकाला कवा या म्हनून कुनी पुसतंय का?" कल्पिता रोज सकाळी खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला की उजवा कान तिकडे करायची.

एप्रिलच्या सुरुवातीला दुकानाचं दार ढकलून धनेश आत आला. हा जयेशचा धाकटा भाऊ. निवडणूक कधीही लागेल म्हणून गेली पाच वर्षं भावी नगरसेवक होता. लग्नसुद्धा निकालानंतर करायचं ठरवल्यामुळे नवरदेवही तो भावीच होता. वहिनीनं भावावर केस केलीय हे त्याला माहीत होतं. पण कोर्ट म्हणजे बायकांचं काहीतरी आणि फ्लेक्स म्हणजे राजकारण, असे त्याच्या डोक्यात दोन वेगळे कप्पे होते, आणि मधलं दार त्यानं कधी उघडून पाहिलं नव्हतं.

"वयनी, मोठा घ्या यंदा. तीस बाय पंधरा कमानीवर नि एक आपले गॅलरीला. भाऊला जरा गोरा करा. वाघ दोन टाका."

"दोन?"

"एक भाऊचा, एक माजा. नि लिवा, 'आंबेखारचे सुपुत्र, वीर जवान नाईक जयेश यांचे आगमन, रविवार बारा एप्रिल.'"

कल्पिताची बोटं की-बोर्डवर थांबली. आज चार तारीख होती.

"किती दिवस आहेत?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

"तीस. ता लिवाच! 'बारा एप्रिल ते अकरा मे, सत्कारासाठी उपलब्ध. संपर्क, धनेश.' कसं हाय वयनी, भाऊचा सत्कार जो करेल त्याला मना बोलवावा लागेल. तीस दिवस, तीस मंडलं, तीस भाषनं." त्यानं तिच्यापुढे फोन धरला. "नि हे खालचे शुभेच्छुक. सगल्यांचे फोटो धाडतो. कुनी राहिला तर मत जाईल."

बेचाळीस शुभेच्छुक होते. कल्पिता एकेकाला कापून ओळीत बसवत गेली. सदतिसाव्या फोटोपाशी ती थबकली. गोरा, गुबगुबीत, काळा कोट, पांढरे बँड. ॲडव्होकेट नयन. त्यांना नमस्काराचे हात नव्हते. तिनं शिपायाचे हात शांतपणे लावून दिले.

मग नमुना धनेशला व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. "ओके प्रिंट," पुढे अंगठा, अंगठा, वाघ.

भावनाताईंनी तो नमुना बघितला आणि केळं खाली ठेवलं. तारीख अलीकडे घ्या असा अर्ज त्यांनी सात तारखेला दिला आणि नऊ तारखेला कल्पिता पुन्हा कोर्टात त्याच बाकावर बसली.

मॅजिस्ट्रेटबाईंनी रंगीत कागद आधी हातभर लांब धरला, मग जवळ आणला. वाघांवरून नजर खाली आली, तारखांवर थांबली, आणखी खाली आली.

"वकीलसाहेब, आपले अशील जूनपर्यंत येऊ शकत नाहीत ना?"

"होय मॅडम. विशेष परिस्थिती."

"मग हे सत्कारासाठी कोण उपलब्ध आहे?"

नयन यांनी कागद पाहिला. "मॅडम, गावकऱ्यांचा उत्साह. याची आम्हाला काहीही कल्पना नाही."

"खालून दुसऱ्या ओळीत हे आपणच ना?"

नयन यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोटो तोच राहिला.

"चेहरा माझा दिसतोय, मॅडम," ते म्हणाले. मग फार बारकाईनं बघून, "पण हे हात माझे नाहीत."

कल्पितानं पदर तोंडाला लावला. कितीतरी महिन्यांनी तिला हसू आलं होतं आणि ते नेमकं कोर्टात आलं होतं.

आदेश त्याच दिवशी झाला. नाईक जयेश यांनी कल्पिता यांच्यावर कोणत्याही प्रकारची हिंसा करू नये, घराच्या पहिल्या मजल्यावर प्रवेश करू नये, आणि पंधरा एप्रिलला कोर्टात हजर व्हावं.

बारा तारखेला कमानीखाली बँजो, हार, लेझीम, सगळं होतं. पोलीस ठाण्यातून शालन नावाची हवालदार आदेशाची प्रत घेऊन आली होती. सभ्य बाई, सत्काराच्या रांगेत गुमान उभी राहिली. तिचा नंबर आला तसा धनेश माइकवर ओरडला, "आता पोलीस खात्यातर्फे!" टाळ्या पडल्या. जयेशनं शाल घेतली, श्रीफळ घेतलं, पाकीट घेतलं आणि शालननं पुढे केलेल्या कागदावर झोकात सही केली. फोटोही निघाला. आदेश बजावल्याचा इतका सुंदर पुरावा त्या कोर्टात आजवर आला नसेल.

पाकीट घरी उघडलं. धनेशनं मोठ्यानं वाचलं. सासू रखमाबाई कोळंबी सोलता सोलता ऐकत होती. तिचा हात थांबला नाही. तिला लेक प्यारा होता आणि सून नावडती नव्हती. अशा माणसाचे हाल असतात, म्हणून ती सतत काहीतरी सोलत असायची.

"पयला मजला म्हंजे कवापासून?" तिनं विचारलं.

प्रश्न फार महत्त्वाचा होता. जमिनीच्या मोजणीत, हद्दीत आणि बांधाच्या भांडणात ज्यांच्या तीन पिढ्या गेल्या, ते घराणं कागदात आधी हद्द बघतं. घराला जिना एकच, आतून, चौदा पायऱ्यांचा. तिघांनी तो मोजला. चौदावी पायरी म्हणजे उंबरा, तो मजल्यात धरावा लागेल असं धनेशचं मत पडलं. तेरावी मात्र कागदात कुठंच नव्हती.

"झालं तर मग," जयेश म्हणाला.

कल्पितानं वरून ऐकलं. बूट वर चढत आले. एक, दोन, करत तेरा. आणि थांबले. दाराला पाठ टेकल्याचा आवाज आला.

"कल्पिता," जयेश म्हणाला. फोनवरचाच गोड आवाज होता. "मी वर आलो नाय हां. जिन्यात बसलोय. जिना माझा हाय ना?"

तिनं भावनाताईंना फोन लावला.

"जिना?" त्या म्हणाल्या. बराच वेळ पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. "जिना आदेशात नाही गं. आपण लिहिलाच नाही. त्यानं हात लावला का?"

"नाही. बसलाय."

"बसण्यावर लगेच काही होणार नाही. दार लावून घे. पंधराला अर्ज करू."

तिनं दार लावून घेतलं. आत दोन खोल्या, मोरी आणि गॅलरी. गॅलरीवर धनेशनं दुसरा फ्लेक्स बांधला होता, त्यामुळे खोलीत उजेड यायचा तो जयेशच्या चेहऱ्यातून. मागून बघताना त्याचं हसू उलटं होतं आणि अक्षरंही. बाहेर तो, दारात तो, उजेडात तो. आणि हे सगळं तिनंच इतकं ठसठशीत करून दिलं होतं.

सोमवारी सकाळी कामावर जायची वेळ झाली. तिनं दार किलकिलं केलं. जयेश तेराव्या पायरीवर पाय पसरून बसला होता.

"जा ना," तो म्हणाला. "मी कुठं अडवलाय? ओलांडून जा."

तिनं दार पुन्हा लावलं आणि खुर्चीवर बसली. समोर उलटी अक्षरं होती. सवयीनं ती वाचली गेली, सत्कारासाठी उपलब्ध.

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिनं फोन उघडला. नऊ वर्षांत डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातल्या एकूण एक मंडळानं तिच्याकडून फ्लेक्स करून घेतला होता, आणि सगळ्यांचे नंबर तिच्याकडे होते. क्रिकेट संघ, भजनी मंडळं, रिक्षा युनियन, हास्य क्लब. तिनं फ्लेक्स सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, "वीर जवान आजपासून मोकळे. त्वरा करा."

पाऊण तासात खाली रिक्षा थांबल्या. डोंबिवलीच्या हास्य क्लबची अकरा ज्येष्ठ मंडळी गुच्छ घेऊन आली होती.

"कुठं आहेत आमचे वीर?"

"जिन्यात हाय," रखमाबाईनं कोळंबीतून मान वर न करता सांगितलं.

"जिन्यात का?"

याचं उत्तर देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. "भाऊ, अरे खाली ये ना! लोक काय बोलतील?" धनेश खालून ओरडला. भाषण त्याच्या खिशात तयार होतं. जयेश खाली उतरला. ज्येष्ठांनी त्याला मध्ये घेऊन हा हा हा करत हात वर केले. तेवढ्यात कल्पिता पर्स काखेला मारून चौदा पायऱ्या उतरली, सगळ्यांना नमस्कार केला, या वेळी स्वतःच्याच हातांनी, आणि दुकानाला गेली.

तेव्हापासून तिचं हेच चाललं. सकाळी नऊला एक सत्कार, तेवढ्यात बाहेर पडायचं. संध्याकाळी सातला एक, तेवढ्यात आत यायचं. जयेशला कळत नव्हतं असं नाही. शाली वाढत होत्या तसा त्याचा गोड आवाज आणखी गोड होत होता. "दमवतेस हां मना," तो दाराला टेकून म्हणायचा. "बघू किती माणसं हायत तुज्याकडं."

पंधराला कोर्टात तो गणवेशात गेला. शिपायानं त्याला खुर्ची दिली. नयन यांनी म्हणणं मांडायला मुदत मागितली. भावनाताईंनी जिन्याचा अर्ज पुढे केला.

"जिना?" मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या. "आदेश पाळतायत ना ते?"

"अक्षरशः पाळतायत, मॅडम. तोच त्रास आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं. खरोखरच विचार केला त्यांनी. पण समोर एकशे बारा प्रकरणं होती. "दुसऱ्या बाजूचं लेखी म्हणणं येऊ दे. आधीचा आदेश कायम. चौदा मे."

सुट्टी अकराला संपत होती. कल्पितानं मनात वजाबाकी केली आणि भावनाताईंकडे पाहिलं. त्यांनी पहिल्यांदाच तिच्या नजरेला नजर दिली नाही. नुसतं एक केळं तिच्या हातात ठेवलं.

त्या संध्याकाळी तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि सत्कार भरायला बसली. कोपरचा रिक्षा स्टँड. माजिवड्याची भजनी मंडळी, त्यात भाऊ काळुराम टाळ वाजवायचा, त्याला फार आनंद झाला. नवरात्र मंडळ, मच्छी मार्केट, एक शाळा, दोन जिम. धनेश खूश होता. त्याला वाटत होतं ही आपली लाट आहे. चौकोन भरत गेले. एप्रिलच्या शेवटच्या दोन दिवसांवर मात्र कुणी मिळेना. त्या तिथीला लग्नं फार होती, सगळ्या गावांना हळदी होत्या, मंडळांचा एकही माणूस मोकळा नव्हता. रखमाबाई आणि धनेशही तिच्या बहिणीकडच्या हळदीला दिवा गावी जाणार होते. मुक्कामाला. जयेशनं दुपारीच आईला सांगून टाकलं होतं, "मी नाय येत. घर कुनी बघावा? मी थांबतो."

कल्पितानं ते दोन रिकामे चौकोन पेन्सिलीनं गोल केले. शालन हवालदाराला विचारलं, ती म्हणाली गस्तीला चक्कर टाकेन, पण बंदोबस्त लागला तर सांगता येत नाही. भावनाताई म्हणाल्या घर सोडू नकोस. यादीत आता तीनच नंबर उरले होते. तिनं त्यातला पहिला लावला, कल्याणचं एक बँड पथक, आणि फोन उजव्या कानाला धरला.

पलीकडे रिंग वाजत होती. खाली शेवटच्या पाहुण्यांची रिक्षा सुरू झाली, वळली, गेली. जिन्याची पहिली पायरी वाजली. मग दुसरी. एका हातात फोन तसाच धरून कल्पिता उठली आणि दाराची कडी नीट बसली आहे ना, ते बघितलं.